पाकिस्तानात एक दुपार

आधीच सांगून टाकते, कटासराज मी बघितलं नाही. लाहोर पण नाही. मी पाकिस्तानात एक दुपार होते, ती पण पत्र्याच्या एका हॉलमध्ये, लाकडी बाकावर. तरी गल्लीतल्या बायका येऊन बसतात, म्हणतात, काकू सांगा ना, कसं आहे तिकडे. म्हणून सांगते. लिहिणारी माझी नात आहे. मी बोलते तसंच लिही, म्हटलंय तिला.

उज्जैन

जायचं होतं ते वन्संना. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. फाळणीच्या आधी त्यांचे मालक रेल्वेत होते, तिकडे पंजाबात मिठाच्या खाणी आहेत त्या लाइनीवर, मालबाबू. लग्न झालं तशा वन्सं उज्जैनहून थेट तिकडे गेल्या. तिथे मुलगा झाला, मधू. तीन महिन्यांचा होऊन तापाने गेला. एवढं लहान मूल आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. कटासराजचं महादेवाचं देऊळ जवळ होतं, तळ्याकाठी. देवाच्या आसऱ्याला असू दे म्हणून मालबाबूंनी देवळामागच्या उतारावर त्याला ठेवला. पुढे सगळा गदर झाला आणि दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आली. पुन्हा मूल झालं नाही. मालबाबू गेल्यावर वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. मग माझे यजमान गेले. तेव्हापासून आम्ही दोघी.

मी भैरवगढला छिप्यांकडे कामाला जायचे. ते चादरी छापायचे, मी नदीवर धुवायचे, वाळवायचे. हात कोपरापर्यंत लाल. घर चाललं, मुलं शिकली. त्यात काय सांगायचं, सगळ्यांचंच असं असतं. वन्संनी मात्र कधी लुगडं मागितलं नाही की बांगडी. एवढंच म्हणायच्या, एकदा जाऊन त्याच्यावर दोन फुलं टाकून येते.

महाशिवरात्रीला आपल्याकडून हिंदूंचा जत्था कटासराजला जातो आणि त्यांचे लोक अजमेरला उरुसाला येतात, असं दोन सरकारांनी लिहून ठेवलंय. पण लिहिलेलं पण रुसतं. वन्संचं नाव दोनदा लागलं आणि दोनदा यात्रा रद्द झाली. कुठे गोळी चालली, कुठे कोणी भाषण केलं, की सगळ्यात आधी यात्रा बंद. माझ्या माहेरी अशी दोन घरं होती, एकमेकांत मुली दिलेली. एकाने लग्नात व्याह्याला खालच्या पाटावर बसवलं, म्हणून दुसऱ्याने सुनेला माहेरी पाठवणं बंद केलं. पाट मांडणारा वेगळाच, रडायची ती पोरगी. मला तर हे सगळं तसंच दिसतं.

ते दिवस बाजार खुला झाल्याचे होते. फ्रीगंजमध्ये विदेशी टीव्हीची दुकानं लागली होती, घराघरावर डिशच्या छत्र्या आल्या होत्या. नात म्हणायची, आजी, आता सगळी दुनिया एक झाली. म्हटलं, होऊ दे बाई, आधी वन्संचा व्हिसा येऊ दे. तिसऱ्या खेपेला तो आला. वन्संचे गुडघे गेलेले, एकटीने होणार नाही, म्हणून माझाही काढला होता.

निघायच्या आदल्या दिवशी वन्सं कालभैरवाला जाऊन आल्या. बाहेरगावच्या लोकांना हे नवल वाटतं, पण आमच्या भैरवबाबाला नैवेद्य दारूचा असतो. पुजारी थाळीत ओततो, देवाच्या तोंडाला लावतो, थाळी रिकामी होते. बाटलीत उरेल ते भक्ताला परत, प्रसाद म्हणून. आमच्या घरात रिवाज असा की लांबच्या प्रवासाला निघालं की तो प्रसाद सोबत ठेवायचा. पीत कोणी नाही. सामानात असला की बाबा सोबत आहे. वन्संनी बाटली भैरवगढच्या छापाच्या चादरीत गुंडाळली आणि आमच्या दोघींच्या एकाच थैल्यात तळाशी घातली. माझ्या डोळ्यांसमोर घातली. मला पण काही वावगं वाटलं नाही.

अटारी

दिल्लीला जत्था जमला. मुखियाजी म्हणून दिल्लीचे निवृत्त हेडमास्तर होते, सोबत त्यांच्या पत्नी. अटारीला गाडीत बसायच्या आधी मुखियाजींनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "भाइयो-बहनो, शराब, सोना, हथियार, कुछ हो तो यहीं निकाल दो. वहाँ एक की गलती, सबकी सज़ा." पुढे म्हणाले, एकच कागद आहे, त्यावर सगळ्यांची नावं आहेत, सगळे एकत्र जाणार, एकत्र येणार.

वन्सं त्यांना म्हणाल्या, "हमारे घर में तो कोई सुपारी भी नहीं खाता."

खरं होतं ते. बाटली त्यांच्या मनातच आली नाही. दारू वेगळी, प्रसाद वेगळा. उज्जैनच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

गाडी इतकी हळू चालली की पायी पोचलो असतो. दोन्ही बाजूंना गहू उभा. मी खिडकीतून बघत होते की कुठे बदलतं. कुठेच बदललं नाही. तार आली, घोड्यावरचे शिपाई आले, आणि परत तोच गहू. वन्संनी दशमी हातात धरली होती, खात नव्हत्या.

वाघा स्टेशन

पलीकडच्या पहिल्या स्टेशनावर उतरवलं. तिथल्या लोकांनी हार घातले, सरबत दिलं. गुलाबाचं, फार गोड. मग कस्टमच्या हॉलमध्ये रांग. आमच्या टेबलावर मेंदी लावलेल्या दाढीचे एक मोठे साहेब होते. बोलायला गोड.

"अम्मा, कहाँ से आना हुआ?"

"उज्जैन से," वन्सं म्हणाल्या.

"वहाँ क्या मशहूर है?"

"महाकाल. और जो आपके हाथ में है, वो चादर."

त्यांनी चादर उलटून बघितली, छापावर बोट फिरवलं. म्हणाले, असंच काम आमच्या सिंधमध्ये होतं. मी म्हटलं, ही माझ्या हातची धुतलेली आहे. ते हसले. घडी उलगडायला लागले आणि बाटली टेबलावर आडवी पडली.

त्यांनी बूच काढून वास घेतला. हसू गेलं.

"अम्मा, ये क्या है?"

"प्रसाद है."

"ये शराब है."

"शराब नहीं बेटा, भैरवबाबा का प्रसाद है."

"बोतल पर लिखा हुआ है."

"लिखा होगा. बोतल दुकान की, प्रसाद भगवान का."

मागे कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप झालं. साहेबांनी हात वर केला. रांग थांबली. बाहेर बसेस लागल्या होत्या, त्यांची इंजिनं बंद केल्याचं ऐकू आलं. तिकडे दारू आणणं गुन्हा आहे आणि वरून आम्ही मुखियाजींना नाही म्हणून सांगितलेलं. शिपाई आला आणि आम्हाला बाकावर बसवून समोर उभा राहिला. वन्संनी माझा हात धरला.

पहिले मुखियाजी गेले. हात जोडले, म्हणाले, बुजुर्ग औरतें हैं, माफ कर दीजिए. मोठे साहेब म्हणाले, माफी माझ्या हातात नाही. मग मुखियाजींना राग आला. म्हणाले, तर मग आम्ही सगळे इथेच बसतो, एक पण बसमध्ये चढणार नाही. म्हटल्यावर तिकडच्यांनी दारं लावून घेतली. आमच्यातली एक बाई रडायला लागली. मुखियाजींची बायको नवऱ्याला म्हणाली, "आप स्कूल में नहीं हैं, बैठ जाइए."

मग आपले साहेब आले. इस्लामाबादला आपलं दफ्तर आहे, तिथून जत्थ्यासाठी आले होते. तरणा माणूस, पण डोळ्यांखाली काळं. त्यांनी आवाज चढवला नाही. करारनामा काढला, बोट ठेवून वाचून दाखवला. मोठ्या साहेबांनी पण आपली फाइल काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवली. मग चहा आला. दोघं आतल्या खोलीत गेले. तिकडून कधी आवाज यायचा, कधी नाही. नाही यायचा तेव्हा जास्त भीती वाटायची.

वन्सं पुटपुटल्या, "सुशीला, यांनी यात्रा थांबवली तर?"

"नाही थांबवणार."

"तुला काय ठाऊक."

"ठाऊक नाही. पण बस पाणी पिऊन."

पाणी त्या प्यायल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने आपले साहेब आले आणि आमच्यासमोर उकिडवे बसले, घरच्या मुलासारखे. म्हणाले, "माताजी, पिछले उर्स में इनका एक बुज़ुर्ग अजमेर जा रहा था. हकीम की पुड़िया थी उसके पास, हमारी तरफ वालों ने शक में लौटा दिया. वो बात इनके दिल में है. अब इन्हें भी एक लौटाना है. मुकदमा नहीं होगा, जत्था जाएगा. पर एक नाम देना पड़ेगा."

"मेरा लिख लो," वन्सं म्हणाल्या.

साहेब उठले. म्हणाले, "आप दोनों सोच लीजिए." आणि चार पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले.

त्या हॉलमध्ये मराठी समजणारं कोणी नव्हतं. आम्ही मोकळ्या बोललो.

मी म्हटलं, "वन्सं, थैला दोघींचा आहे. मी माझा म्हणते."

"का म्हणून. बाटली माझी."

"बाटली तुमची, तसा मधू पण तुमचाच ना. मी जाऊन काय करू तिथे? मला जागा तरी ठाऊक आहे का?"

त्या म्हणाल्या, "देवाच्या कामात खोटं नाही बोलणार मी."

"तुम्ही नका बोलू. मी बोलेन. तुम्ही फक्त तोंड मिटून बसा. आयुष्यात एकदा बसा."

"आणि तुझं पाकिस्तान?"

"बघितलं की. हे पत्रे, हा पंखा, ते सरबत. अजून काय असतं."

"चढायला लागलं तर मला धरणार कोण?"

मी मुखियाजींच्या बायकोला बोलावलं, वन्संचा हात तिच्या हातात दिला. सांगितलं, उतरताना यांचा डावा गुडघा दगा देतो. ती म्हणाली, "बहनजी, मेरी सास समझकर ले जाऊँगी." वन्सं मराठीत म्हणाल्या, "हिला विचार, सासूशी पटायचं का हिचं."

आतल्या खोलीत दोघींना बसवून मोठ्या साहेबांनी विचारलं, "थैला किसका है?"

"मेरा," मी म्हटलं.

त्यांनी वन्संकडे बघितलं. "अम्मा, बात तो सारी आप कर रही थीं."

वन्संचे ओठ हलले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला. बोलल्या असत्या तर दोघींची नावं लागली असती आणि तिसऱ्या खेपेचंही तिथेच संपलं असतं. साहेब वाट बघत राहिले. पंखा फिरत होता. वन्संनी मान खाली घातली आणि खालीच ठेवली.

"पक्का?" त्यांनी मला विचारलं.

"पक्का."

त्यांना सगळं समजलं होतं. माणूस चाळीस वर्षं लोकांचे थैले उघडतो, त्याला समजत नाही का. पण त्यांना एक नाव पाहिजे होतं, ते मिळालं. लिहून घेतलं. माझा अंगठा नको म्हणाले, सही येते का विचारलं. येते म्हटलं, वेळ लागेल. म्हणाले, घ्या वेळ.

जाता जाता वन्सं बोलल्याच. बाटलीकडे बोट करून म्हणाल्या, "नाली में मत डालना बेटा."

"नाली में क्यों अम्मा, ये तो मालखाने में जमा होगी. अब सरकारी है."

म्हणजे आमचा भैरवबाबा त्यांच्या मालखान्यात बसला. आम्हा तिघांत व्हिसा न लागता तिकडे राहिला तो तोच.

वन्संचे कपडे आणि गोळ्या थैल्यातून काढून बांधून दिल्या. बसेस निघाल्या. वन्सं खिडकीत होत्या. मला वाटलं काही म्हणतील. म्हणाल्या, "सकाळची गोळी पांढरी ना?" मी म्हटलं, पांढरी, जेवणानंतर.

फाटक

मला जीपने फाटकापर्यंत आणलं. पुढे पायी. आपले साहेब सोबत चालले. रस्त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे त्यांचे हमाल, पलीकडे निळ्या सदऱ्यातले आपले. पोतं या डोक्यावरून त्या डोक्यावर, रेघ कोणी ओलांडत नाही. विचारलं तर खारीक होती. ओटीत घालतो, उपासाला खातो, ती सगळी तिकडूनच येते म्हणे. मला कधी माहीत नव्हतं.

मी साहेबांना म्हटलं, "आप दिनभर यही करते हो?"

"यही, माताजी."

"उनको क्या चाहिए था?"

"बराबरी. हमने एक लौटाया, वो एक लौटाएँ."

"और हमको?"

ते थोडं चालले. "कि रास्ता खुला रहे. अगले साल भी कोई आ सके. उसके लिए पहले बोलते हैं, नहीं माने तो लिखते हैं, नहीं माने तो इनका भी कुछ रोक देते हैं. और कभी, जो देना पड़े, दे देते हैं."

"आज मुझे दे दिया."

त्यांचं पाऊल थांबलं. मी म्हटलं, चला बेटा, मला वाईट नाही वाटलं, विचारलं फक्त. व्याह्यांत पण असंच असतं, फाइली नसतात एवढंच.

रेघेपाशी त्यांनी वाकून नमस्कार केला. पुढे मी एकटी. वाटलं, चला, आपल्या घरी आलो. तर आपल्या बाजूच्यांनी तिकडच्यापेक्षा दुप्पट विचारलं. जत्था कुठे? तुम्हीच का परत? काय केलं? तिकडे कोणाला भेटल्या? तिकडून काढलेली बाई, म्हणजे इकडे पण शकाचीच. तीच चादर पुन्हा उलगडली, झटकली. मी प्रत्येकाला तेच सांगितलं, कालभैरवाचा प्रसाद होता. एक जण इंदूरकडचा निघाला, त्याने कपाळाला हात लावला, म्हणाला, "अरे, ये सच बोल रही हैं. जाने दो." सांज झाली होती.

अमृतसर

अमृतसरला एका धर्मशाळेत जत्था परत येईपर्यंत राहिले. बसून राहणं मला जमत नाही. सकाळी गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पोळ्या लाटायला बसायचे. तिकडच्या बायका पोळी हातावर थापतात, मी पोळपाट मागितला तर हसल्या, पण दिला. डाळ काळी, घट्ट, आपल्या वरणासारखी नाही, पण पोटाला आधार देते.

संध्याकाळी ऑफिसात टीव्ही लागायचा. कुठेतरी काहीतरी झालं होतं, दोन्हीकडचे मंत्री एकमेकांना सुनावत होते. मॅनेजर म्हणाला, "लो जी, अब फाटक बंद होगा. जत्था अटका समझो." मी खोलीत येऊन चादरीची घडी केली, मोडली, परत केली. वन्संजवळ पांढऱ्या गोळ्या किती असतील त्याचा विचार करत राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी कडक बोलले. लंगरमध्ये माझ्या पोळ्या वाकड्या यायला लागल्या.

पण फाटक उघडं राहिलं. ठरलेल्या दिवशी जत्था आला. वन्सं रिक्षातून उतरल्या, डावा गुडघा आधी टेकला, मुखियाजींच्या बायकोने धरलं. चेहरा वाळला होता. खोलीत आणून पाय शेकले, चहा दिला. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याच बोलल्या.

"तळं तसंच आहे. पाणी हिरवं. देवळं पडकी, पण आहेत."

"आणि मागचा उतार?"

"जाऊच दिलं नाही. भिंतीच्या आतलाच परवाना. भिंतीबाहेर पाय टाकायचा नाही म्हणे, वरून हुकूम आहे."

मी कप खाली ठेवला. एवढं सगळं करून भिंतीपाशी.

"मग मी भिंतीजवळ उभी राहिले," वन्सं सांगायला लागल्या. "आमच्यावर एक शिपाई ठेवला होता, विशीतला असेल. त्याने दोन-तीनदा म्हटलं, अम्मा चलो. मी हलले नाही. मग विचारलं, अम्मा, उधर क्या है? मी सांगितलं, मेरा बेटा है. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, आप नहीं जा सकतीं, मैं तो जा सकता हूँ. माझ्या हातातली फुलं घेतली, आणि फाटकातून वळसा घालून उतारावर गेला. खाली उभा राहून ओरडला, यहाँ? मी म्हटलं, थोडं डावीकडे. परत ओरडला, यहाँ? मी म्हटलं, आणखी खाली, त्या दगडापाशी."

"मग? तीच जागा होती?"

वन्संनी चहा संपवला, कप पालथा घातला.

"कुठली गं. तिथे सगळं रान माजलंय, मला इथून तिथे नीट दिसत पण नाही. पण तो कमरेएवढ्या काट्यांत उभा होता, फुलं डोक्यावर धरून. किती वेळ उभा ठेवायचा दुसऱ्याच्या मुलाला? मी म्हटलं, हो, तीच."